ग्राहकांना आणि सहकाऱ्यांना कार्ड पाठवायचं तर किती, कुणाला आणि आत काय लिहायचं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. हिशेब आणि करसल्ल्याची नऊ जणांची फर्म, १४० ग्राहक, शिवाय ऑफिसातली माणसं आणि ज्यांच्यामार्फत नवी कामं येतात असे दहा-बारा जण. नव्या वर्षाला सगळ्यांना शुभेच्छापत्रं पाठवावीत असं एका भागीदाराचं म्हणणं, तर दुसऱ्याला तो पैसा पाण्यात गेल्यासारखा वाटतो. छापील पाठवायचं की मेलवर भागवायचं, लोगो कुठे घालायचा, आत काय लिहायचं, आणि गेल्या वर्षी काम काढून घेतलेल्या ग्राहकालाही पाठवायचं का, हे तुम्ही विचारलंय.

मी चोवीस वर्षं छापखाना चालवतोय. वर्षाच्या शेवटच्या तीन महिन्यांत कंपन्यांची कार्डं आमच्या मशीनवरून जातात, आणि माझ्या ग्राहकांना मी स्वतःही पाठवतो. छापणाऱ्याला एक गोष्ट दिसते, जी पाठवणाऱ्याला सहसा दिसत नाही. नवीन ऑर्डर घेऊन आलेला माणूस हळूच विचारतो, "गेल्या वर्षीची दोनशे तशीच पडलीत, त्यावरचं साल झाकता येईल का?" ही दोनशे का उरतात? कारण आकडा आधी ठरलेला असतो. पाचशे छापली तर नगामागे स्वस्त पडतात म्हणून पाचशे छापली. नावं नंतर शोधायला घेतली आणि ती तीनशेवर संपली. त्या तीनशेतल्याही निम्म्या लोकांना कार्ड कुणी पाठवलंय हे पाकीट उलटून बघावं लागलं असणार.

म्हणून छापील की मेल हा वाद तुम्ही जरा बाजूला ठेवा. त्याआधीचा प्रश्न हा, की या १४० पैकी किती जणांना तुमच्याकडे स्वतःच्या हाताने लिहिण्याजोगं एक खरं वाक्य आहे? जितकी वाक्यं, तितकी कार्डं. तुमच्या दोन्ही भागीदारांचं भांडण इथेच मिटेल, कारण दोघांचंही अर्धं अर्धं बरोबर आहे.

या कार्डाचा जन्मच मुळी वेळ वाचवण्यासाठी झाला. लंडनमध्ये १८४३ साली हेन्री कोल नावाच्या सरकारी अधिकाऱ्याने पहिलं व्यावसायिक ख्रिसमस कार्ड काढलं. तीनच वर्षांपूर्वी, १८४० साली, तिथे पेनी पोस्ट, म्हणजे एका पेनीत पत्र पोचवणारी टपालसेवा, सुरू झाली होती. पत्र पाठवणं स्वस्त झालं होतं आणि प्रत्येकाला वेगळं पत्र लिहायला त्याला सवड नव्हती. जॉन कॅलकॉट हॉर्सली या चित्रकाराकडून त्याने चित्र काढून घेतलं आणि हजारेक प्रती छापल्या. मला यात महत्त्वाचं वाटतं ते हे, की त्या कार्डावर वर घेणाऱ्याच्या नावासाठी आणि खाली पाठवणाऱ्याच्या नावासाठी जागा कोरी सोडली होती. छपाईने कष्ट वाचवले, पण हाताने भरायची जागा शिल्लक ठेवली. आज कंपन्यांची कार्डं छापताना मी बघतो, तर तीच जागा आधी भरून टाकलेली असते. संचालकांची सहीसुद्धा स्कॅन करून छापतात.

नुसत्या छापील कार्डाचा काहीच उपयोग होत नाही असं मात्र मी म्हणणार नाही. सत्तरच्या दशकात अमेरिकेत फिलिप कुन्झ या समाजशास्त्रज्ञाने पाचशेहून जास्त अनोळखी लोकांना ख्रिसमस कार्डं पाठवून पाहिली. शंभराहून जास्त लोकांनी उलट कार्ड पाठवलं, हा माणूस कोण हे माहीत नसताना! डेट्रॉइटजवळ शेव्हरोलेट गाड्या विकणारा जो जिरार्ड तर ग्राहकांना दर महिन्याला कार्ड पाठवायचा. १९६३ ते १९७८ या काळात त्याने १३,००१ गाड्या विकल्या. पण गाडी घेणारा माणूस पाच-सात वर्षांनी पुन्हा येतो, तोवर त्याच्या डोक्यात नाव राहिलं तरी पुष्कळ. तुमचं तसं नाही. तुमचे ग्राहक वर्षभर तुमच्याशी बोलतात, तुम्हाला त्यांचे कागद माहीत असतात, अडचणी माहीत असतात. इतकी ओळख असलेल्या माणसाकडून नुसतं छापील कार्ड आलं तर ते कोरडं वाटतं. अनोळखी माणसाकडून आलेलं तसं वाटत नाही.

आता हिशेब करू. विचार करून एक ओळ लिहायची, नाव घालायचं, सही करायची, पाकिटावर पत्ता घालायचा, याला मला एका कार्डामागे चार मिनिटं लागतात. वीसेक कार्डांनंतर हात यंत्रासारखा चालायला लागतो आणि सगळ्यांना एकच वाक्य जायला लागतं. मग मी उठतो. म्हणजे बसलं की वीस. साठ कार्डं म्हणजे तीन बैठका, १४० म्हणजे सात. वर्षाच्या शेवटी तुमच्या धंद्यात सात संध्याकाळी मोकळ्या मिळणार आहेत का, ते तुम्हीच ठरवा. माझा अंदाज, तुमचा आकडा पन्नास ते सत्तरमध्ये बसेल. तिघांनी वाटून घेतलंत तर सगळे १४० सुद्धा होतील, पण अट एकच: ज्या ग्राहकाचं काम जो बघतो, त्यानेच त्याला लिहायचं. भागीदाराची सही मोठी म्हणून त्याच्याकडून करून घेतली, आणि ग्राहक वर्षभर बोलतोय तुमच्या ज्युनिअरशी, तर त्या सहीला काही अर्थ राहत नाही.

यादी करताना गेल्या वर्षीची फाइल उघडून तीच छापू नका. हे मी सांगतोय ते पोळल्यामुळे. आमचे एक जुने ग्राहक होते, दोन भाऊ मिळून धंदा करायचे. कार्ड दरवर्षी दोघांच्या नावाने जायचं. एका वर्षी पावसाळ्यात थोरला भाऊ गेला. मला ते कळलं होतं, मी फोनही केला होता. पण पाकिटांची यादी जुनीच राहिली आणि कार्ड दोघांच्या नावाने गेलं. धाकट्याचा फोन आला. तो रागावला नव्हता. एवढंच म्हणाला, "दादाचं नाव बघून आई ते पाकीट हातातून खाली ठेवेना." दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या घरी गेलो. तेव्हापासून यादी छापायला जाण्याआधी आम्ही तिघं बसतो: मी, हिशेब बघणाऱ्या बाई आणि माल पोचवणारा मुलगा. एकेक नाव मोठ्याने वाचायचं. कोण गेलं, कुणाची नोकरी बदलली, कुणाचा भागीदार वेगळा झाला, कुणाचं लग्न मोडलं, हे माल पोचवणाऱ्याला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असतं. तासभर जातो, पण तो तास मी कशासाठीही सोडणार नाही. ज्यांच्या घरी त्या वर्षात दुःख झालंय त्यांना चकचकीत कार्ड जात नाही. साध्या कागदावर दोन ओळी जातात.

नावांचं थोडं सविस्तर सांगतो, कारण आपल्या भाषेत इथे खाचा फार आहेत. बाईच्या नावामागे 'सौ.' लावलंत तर तुम्ही तिचं लग्न झालेलं धरून चालता. 'श्रीमती' लावलंत तर अनेकींना ते वैधव्याचं वाटतं, मग सरकारी पत्रांत ते कुणाही बाईला लिहीत असोत. माझ्या ओळखीच्या एका मोठ्या ऑफिसातल्या अधिकारी बाईंनी मला एकदा स्पष्टच सांगितलं, "माझं नाव आणि आडनाव पुरे आहे." मी तेव्हापासून पाकिटावर पूर्ण नाव, आणि आत बोलताना ज्या नावाने हाक मारतो तेच लिहितो. कुणी 'ताई', कुणी 'मॅडम', कुणी 'सर', कुणी नुसतं 'साहेब'. फोनवर ताई म्हणायचं आणि कार्डात 'माननीय महोदया' लिहायचं, हे वाचणाऱ्याला खटकतं. ऱ्हस्व-दीर्घही बघून घ्या. दीक्षित आणि दिक्षित, दोन्ही लिहिणारी माणसं आहेत आणि दोघांनाही आपलंच बरोबर वाटतं. त्यांच्या लेटरहेडवर जसं असेल तसं लिहा, व्याकरण तिथे चालवू नका.

आत काय लिहायचं? छापील मजकूर एका ओळीचा ठेवा. 'नव्या वर्षाच्या शुभेच्छा' एवढंही पुरतं. खाली निम्मं पान कोरं सोडा. तिथे हाताने जी ओळ येईल, तिच्यात एखादी अशी गोष्ट हवी जी दुसऱ्या कुणाला पाठवता येणार नाही. मी लोकांना सांगतो, लिहून झालं की नाव झाकून वाचा. हे कार्ड कुणाचं ते ओळखता आलं तर ओळ जमली.

उदाहरणं देतो. "आपल्या सहकार्याबद्दल मनःपूर्वक आभार" ही ओळ कुणालाही जाते. त्याऐवजी: "नोटीस आली त्या रात्री तुम्ही घरी जाऊन जुन्या पावत्यांची पेटी शोधून आणलीत, म्हणून उत्तर मुदतीत देता आलं. विसरलो नाही." किंवा: "मुलीने यंदा दुकानाचा हिशेब स्वतः हातात घेतला, तिच्या नोंदी बघून आम्हाला फार बरं वाटलं." किंवा अगदी साधं: "या वर्षी तीन वेळा आम्ही तुम्हाला कागद पुन्हा पाठवायला लावले, एकदाही तुम्ही आवाज चढवला नाहीत." बघा, यात कुठेही अलंकार नाहीत. घडलेलं आहे तेवढंच आहे.

पुष्कळांना हे लिहायला संकोच वाटतो. समोरचा काय म्हणेल, चिकटपणा वाटेल का, शब्द नीट जुळतील का. २०१८ साली अमित कुमार आणि निकोलस एप्ली या संशोधकांनी यावरच काही प्रयोग प्रसिद्ध केले. लोकांना कुणाचे तरी आभार मानणारं पत्र लिहायला सांगितलं आणि वाचणाऱ्याला कसं वाटेल याचा अंदाज विचारला. मग ज्यांना पत्रं मिळाली त्यांना विचारलं. लिहिणाऱ्यांना वाटलं होतं त्यापेक्षा वाचणाऱ्यांना अवघडलेपण कमी आणि आनंद जास्त झाला होता. माझ्या काउंटरवरचा अनुभवही तोच आहे. छापलेलं कार्ड दाखवायला कुणी परत आलेलं मला आठवत नाही. हाताने लिहिलेली ओळ मात्र लोकांनी मोबाइलवर फोटो काढून ठेवलेली मी पाहिली आहे.

काही गोष्टी कार्डाबरोबर जाता कामा नयेत. व्हिजिटिंग कार्ड नको, दरपत्रक नको, 'पुढच्या वर्षीच्या सेवांवर सवलत' असली चिठ्ठी तर नकोच. शुभेच्छा देता देता खिशाकडे बघितल्यासारखं होतं ते. ज्याचं बिल थकलंय त्यालाही कार्ड द्या, पण ज्या आठवड्यात मागणीपत्र जातंय त्या आठवड्यात नको. एखाद्या कंपनीत तुमच्या निविदेचा निर्णय व्हायचा असेल तर तो होईपर्यंत थांबा.

तुमच्या धंद्यात आणखी एक गोष्ट आहे आणि ती मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. पाकीट उघडण्याआधी ते किती हातांतून जातं? टपालखातं, वॉचमन, रिसेप्शन, शेजारी. करसल्लागाराकडे कोण जातं यात लपवण्यासारखं फारसं काही नसतं, तरी घरातल्यांना न सांगता कर्जाच्या सल्ल्याला आलेला माणूस तुमच्याकडेही असेल. वकील, समुपदेशक, डॉक्टर यांच्याबाबतीत तर पाकिटावरचं नावच गुपित फोडतं. म्हणून पाकीट कोरं ठेवा आणि मागे फक्त परतीचा पत्ता घाला, फर्मचं नाव नको. कार्डावर लोगो घालायचाच असेल तर मागच्या बाजूला, खाली, नखाएवढा. पुढच्या बाजूला लोगो आला की ते कार्ड जाहिरात होतं. आणि एका ग्राहकाला लिहिताना दुसऱ्याचं नाव चुकूनही येऊ देऊ नका, कौतुक म्हणूनसुद्धा.

छपाईचं पटकन सांगतो. ए५ मापाचं कार्ड मधोमध दुमडलं की ए६ होतं, १०५ बाय १४८ मिलिमीटर. त्याला सी६ पाकीट बसतं, ११४ बाय १६२. हे माप सहज मिळतं. चौकोनी कार्ड दिसतं छान, पण पाकीट मुद्दाम बनवून घ्यावं लागतं आणि काही देशांत टपालखातं मशीनवर वर्गवारी होत नाही म्हणून जादा शुल्क घेतं. कागद २५० ते ३०० जीएसएम (चौरस मीटरमागे ग्रॅममध्ये वजन) पुरतो. एवढ्या जाड कागदाला दुमडण्याआधी क्रीजिंग, म्हणजे घडीची रेघ दाबून, करून घ्या, नाहीतर घडीवर रंग तडकतो आणि पांढरी रेघ दिसते. डिझाइन कडेपर्यंत रंगवलेलं असेल तर चारी बाजूंनी रंग तीन मिलिमीटर जादा घ्यायला सांगा. साल छापू नका, म्हणजे उरलेली कार्डं पुढे कामी येतात.

आणि आतली बाजू गुळगुळीत नको! लॅमिनेशन आणि आर्ट पेपर पेनाचे वैरी आहेत. प्रूफ, म्हणजे छपाईआधीचा नमुना, हातात आलं की ज्या पेनाने लिहिणार आहात त्याच पेनाने आत एक ओळ लिहा, अर्ध्या मिनिटाने अंगठा फिरवा. शाई पसरली तर कागद बदला, पेन नव्हे. पेन बदलतो म्हणणारे ऐन वेळी खिशातलंच काढून लिहितात आणि सहीचा डाग पडतो. हे मी दर वर्षी बघतो. पोचायच्या तारखेआधी सहा आठवडे डिझाइन ठरलं पाहिजे, चार आठवडे आधी कार्डं हातात, आणि उरलेला वेळ लिहायला. बहुतेक लोक उलटं करतात. डिझाइनवर महिना घालवतात आणि लिहायला एक दुपार ठेवतात.

ऑफिसातल्या माणसांचं गणित वेगळं आहे. नऊ जण म्हटल्यावर द्यायचं तर सगळ्यांना, नाहीतर कुणालाच नाही. तिघांनाच दिलंत तर उरलेल्या सहांच्या ते लक्षात राहतं. सफाई करणाऱ्या बाई आणि कागद पोचवणारा मुलगा या सगळ्यांत धरा, ते पगारपत्रकावर नसले तरी. टेबलावर ठेवून जाऊ नका, हातात द्या. ज्युनिअरला लिहिताना त्याच्या कामातली एक नेमकी गोष्ट लिहा, ती पुढची बढती किंवा पगारवाढ सुचवणारी नको. वचन म्हणून वाचली जाते. खालून वर, म्हणजे साहेबांना कार्ड द्यावं का, असं पुष्कळजण विचारतात. तिथे मी सगळ्यांनी मिळून एक द्या म्हणतो. एकट्याने दिलेलं कितीही मनापासून असलं तरी इतरांच्या नजरेत वेगळं दिसतं. मात्र कुणी शिकवलं असेल, अडचणीत पाठीशी उभं राहिलं असेल, तर तेवढंच लिहून एकट्यानेही द्यावं, नव्या वर्षाची वाट न बघता.

सरकारी अधिकारी किंवा मोठ्या कंपन्यांतली माणसं यादीत असतील तर कार्डाबरोबर वस्तू पाठवू नका. नियम जागोजागी वेगळे असतात. अमेरिकेतल्या केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या नियमांचं उदाहरण बघा: तिथे शुभेच्छापत्राला भेटवस्तू धरतच नाहीत, पण वस्तू आली की एका वेळी २० डॉलर आणि एकाच देणाऱ्याकडून वर्षाला ५० डॉलर अशी मर्यादा लागते. पुष्कळ कंपन्यांच्या आचारसंहितेचा सूरही हाच असतो. कार्डाने कुणी अडचणीत येत नाही, सोबतच्या डब्याने येतो.

मग मेल कधी? ज्यांच्याशी तुमचा सगळा व्यवहार पडद्यावरच चालतो, जे दूर आहेत, ज्यांचा टपालाचा पत्ता खात्रीचा नाही, त्यांना मेलच बरा. पण हलणारं चित्र नको आणि एकाच वेळी शंभर जणांना गेलेला मजकूर नको. व्हॉट्सॲपवर फिरणारं फुलांचं चित्र तर पाहिलंही जात नाही. नावासकट साध्या तीन ओळी, त्यांच्या कामाचा उल्लेख असलेल्या, एवढ्याने काम होतं. साठ जणांना कार्ड, चाळीसेक जणांना असा मेल, आणि उरलेले? ज्यांच्याबद्दल लिहायला खरंच काही सुचत नाही, त्यांना या वर्षी काहीच पाठवू नका. त्याऐवजी वर्षभरात एक फोन करा. पुढच्या वर्षी ओळ आपोआप सुचेल.

राहता राहिला काम काढून घेतलेला ग्राहक. तो कसा गेला यावर अवलंबून आहे. वाद होऊन, वकिलापर्यंत जाऊन गेला असेल तर पाठवू नका, त्यातून तो भलताच अर्थ काढेल. पण फी परवडेना म्हणून, किंवा पुतण्या सीए झाला म्हणून गेला असेल तर जरूर पाठवा. फक्त 'पुन्हा सेवेची संधी द्यावी' हे त्यात येऊ देऊ नका. माझ्याकडून असाच एक जण गेला होता, बारा वर्षं काम करून. त्याला मी लिहिलं होतं: "तुमच्या पहिल्या बिलबुकाचा नमुना अजून माझ्या कपाटात आहे. नवीन जागेत धंदा चांगला चाललाय असं कळलं, आनंद झाला." काम परत आलं नाही. पण त्याच्या मुलाच्या लग्नाच्या वेळी पत्रिका हातात घेऊन तो स्वतः दुकानात आला होता, आणि तो नमुना बघायला मागितला.